डबीतली वीज, पुडीतली वीज : प्रस्तावना

माझ्या कामाच्या टेबलावर एक वजनकाटा आहे. तो मूळचा स्वयंपाकघरातला. 'जरा देतेस का' म्हणून एकदा उचलला आणि परत गेलाच नाही. हे पुस्तक लिहायला बसलो त्या दिवशी या काट्यावर दोन बॅटऱ्या एकामागून एक ठेवल्या. पहिली जुनी. पोलादी डबीतले सहा निकेल-कॅडमियम सेल शेजारी शेजारी मांडून, डाग देऊन जोडलेले, वरून निळं प्लास्टिक घट्ट आवळलेलं. ७.२ व्होल्ट, १७०० एमएएच. काटा ३४० ग्रॅमवर थांबला. दुसरी लिथियम पॉलिमर, बिस्किटाच्या लहान पुड्याएवढी. ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच. वजन १८५ ग्रॅम.

व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणलं की आत किती वीज मावते ते वॅट-तासांत कळतं. पहिलीत सव्वाबारा, दुसरीत चोवीसच्या वर. म्हणजे वजन जेमतेम निम्मं आणि वीज दुप्पट. किलोमागे हिशेब केला तर जुनीत ३६ वॅट-तास, नवीत १३२. जमिनीवर पळणाऱ्या गाडीला हा फरक सोयीचा आहे. हवेत उडणाऱ्या विमानाला तो जन्ममरणाचा आहे, कारण विमानाला बॅटरी पाठीवर घेऊन उडावं लागतं आणि तिचं वजन तिच्याच विजेवर पेलावं लागतं.

एवढंच सांगायचं असतं तर अर्ध्या पानात काम झालं असतं. नवी बॅटरी चांगली, जुनी टाकून द्या, संपलं. पण गेल्या वीसेक वर्षांत मी आणि माझ्या बरोबरीच्या आरसीवाल्यांनी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवर मॉडेलं चालवणाऱ्यांनी, जेवढ्या लिथियम बॅटऱ्या मारल्या, त्यातल्या बहुतेक आम्ही अनुभवाच्या जोरावर मारल्या. तो अनुभव निकेल-कॅडमियमचा होता. जुन्या सेलच्या बाबतीत जी सवय शहाणपणाची होती, नेमकी तीच नव्या बॅटरीचा जीव घेते. हे एकेका सवयीपाशी थांबून सांगावं, म्हणून हा खटाटोप.

माझंच उदाहरण देतो. निकेल-कॅडमियमच्या काळात आमच्यात एक पक्का समज होता की सेल अर्धवट उतरलेला असताना पुन्हा चार्जिंगला लावला तर त्याला ती 'आठवण' राहते आणि पुढे तो तेवढीच वीज देतो. म्हणून उड्डाण संपलं की उरलीसुरली वीज पिळून काढायची. त्यासाठी मी मोटारीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा दिवा एका लाकडी फळीवर बसवला होता. रात्री बॅटरी त्याला जोडायची, दिवा पिवळा, मग तांबूस, मग नुसती तार लालसर दिसायची, आणि सकाळी सगळं शांत. त्या समजुतीत तथ्य किती आणि दंतकथा किती याचा हिशेब पुढे एका प्रकरणात आहे. इथे एवढंच, की उपग्रहांतल्या सेलसारखं दररोज तंतोतंत तेवढंच उतरवून तेवढंच भरलं तर तसं काही होतं खरं, पण आमच्यासारख्या रविवारी उडवणाऱ्यांच्या सेलला जडणारी दुखणी बहुतेक वेळा जास्त चार्जिंगची असत. ते काही असो, दिव्यावर पिळल्याने निकेल-कॅडमियमचं फारसं बिघडत नसे. उलट ते सेल रिकामे करून महिनोन् महिने फडताळात ठेवले तरी पुन्हा उठून कामाला लागत.

मग पहिली लिथियम पॉलिमर आली. दोन सेलची, ७.४ व्होल्टची, त्या वेळच्या खिशाला चांगलीच जड. पहिल्या रविवारी उडवली, हरखून गेलो, आणि रात्री नेमाने दिव्याला जोडून झोपलो.

सकाळी चार्जर तिला ओळखच दाखवेना. व्होल्टेज जवळपास शून्य. तेव्हा एका अनुभवी माणसाने, म्हणजे माझ्याइतक्याच अनुभवी, युक्ती सांगितली : चार्जर निकेल-कॅडमियमवर ठेव, दोन मिनिटं थोडा करंट दे, सेल जागे झाले की पुन्हा लिथियमवर आण. मी तसं केलं. दुसऱ्या मिनिटाला फोन वाजला. बोलून परत येईस्तोवर दहाएक मिनिटं गेली असतील. खोलीत नेलपॉलिशसारखा गोडसर वास भरला होता आणि सपाट बॅटरी टम्म पुरीसारखी फुगली होती. सुदैवाने ती मी एका जुन्या फरशीवर ठेवली होती. वायर उपटली, फरशी तशीच दोन्ही हातांनी उचलली आणि समोरच्या बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाकडे पळालो. ढिगावर ठेवून चार पावलं मागे सरतो तोच आधी पांढरा धूर आणि मग भपकन ज्वाळा. मोजून अर्धं मिनिट. वॉचमन म्हणाला, "साहेब, काय, दिवाळी लवकर?" ती फरशी अजून माझ्याकडे आहे, मधोमध काळ्या डागासकट.

यात चूक ना बॅटरीची ना चार्जरची. मी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही जुन्या सेलच्या हिशेबाने बरोबर होत्या. त्या नव्या बॅटरीला का चालल्या नाहीत, हे समजायला सेलच्या पोटात थोडं डोकवावं लागतं.

निकेल-कॅडमियम सेल स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ साली केला. त्यातला द्रव म्हणजे पाण्यात विरघळवलेला पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्या सेलचे गुणदोष बहुतांशी या एका पाण्यातून येतात. पाण्यावर सव्वा व्होल्टच्या पुढे ताण पडला की ते फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ पाहतं, त्यामुळे पाण्याच्या आधाराने चालणाऱ्या सेलला फार व्होल्ट देता येत नाहीत, आणि निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टवरच थांबतो. ७.२ व्होल्ट हवे असतील तर सहा डब्या ओळीने जोडायच्या, प्रत्येकीचं पोलाद अंगावर वागवायचं. पण याच पाण्याने या सेलला एक विलक्षण सहनशीलता दिली. सेल पूर्ण भरल्यावरही चार्जिंग चालू राहिलं, तर जास्तीचा करंट पाणी फोडण्यात जातो. धन बाजूला ऑक्सिजन सुटतो, तो आतल्या आत ऋण बाजूच्या कॅडमियमपाशी पोचतो आणि तिथे पुन्हा मुरतो. बाहेर काही येत नाही, सेल फक्त गरम होतो. कॅडमियमची बाजू मुद्दाम थोडी मोठी ठेवलेली असते ती याचसाठी. म्हणून तर आम्ही रात्रभर, चौदा-सोळा तास, बारीक करंटवर सेल लावून खुशाल झोपत असू.

लिथियमच्या बॅटरीत पाणी नाही. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक आहे, म्हणून एक सेल ३.७ व्होल्ट देऊ शकतो, म्हणजे निकेलचे तीन सेल मिळून देतात तेवढे. पण तो द्रावक पेट घेणारा आहे आणि त्याच्यापाशी जास्तीची वीज मुरवण्याची कोणतीच सोय नाही. ४.२ व्होल्टला सेल भरला. त्यानंतरही करंट रेटला तर लिथियमला ऋण बाजूच्या कार्बनमध्ये जागा उरत नाही आणि ते धातूच्या रूपात वर साचू लागतं, द्रावक बिघडून वायू होतो, पुडी फुगते. खालच्या टोकालाही तसंच. व्होल्टेज तीनच्या बरंच खाली गेलं की ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. तो सेल पुन्हा चार्ज करताना ते तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होतो. रात्री दिव्याने माझ्या बॅटरीचं तांबं विरघळवलं आणि सकाळी मी ते नको तिथे जमवलं.

आणि ती युक्ती? निकेल-कॅडमियमचा चार्जर करंट ठरावीक ठेवतो आणि व्होल्टेजवर नजर ठेवून बसतो. सेल भरला, ऑक्सिजन मुरून गरम होऊ लागला की व्होल्टेज किंचित खाली घसरतं. ती घसरण दिसली की चार्जर थांबतो. लिथियमच्या सेलमध्ये अशी घसरण येतच नाही. चार्जर बिचारा वाट पाहत बसतो आणि वाट पाहता पाहता करंट ढकलत राहतो. लिथियमची रीत उलटी. आधी करंट ठरावीक, सेल ४.२ व्होल्टला पोचला की मग व्होल्टेज ठरावीक, आणि करंट आपोआप ओसरत जाऊ द्यायचा. म्हणून 'दोन मिनिटं निकेलवर लाव' असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याचा सल्ला ऐकू नका. मैत्री ठेवायला हरकत नाही.

ओळीने जोडलेल्या सेलची गोष्ट पंगतीसारखी आहे. एका पॅकमधले सगळे सेल सारखे कधीच नसतात, कोणी भरभर जेवतो, कोणी रेंगाळतो. निकेल-कॅडमियमच्या पंगतीत वाढपी आग्रह करत राहिला तरी चालतं. ज्याचं पोट भरलं तो घाम पुसत आणखी एक जिलबी खातो, तोवर मागे राहिलेल्याचं जेवण उरकतं, आणि शेवटी सगळे सारखे होऊन उठतात. लिथियमच्या पंगतीत भरल्या पोटाला आग्रह करता येत नाही, तिथे प्रत्येकाच्या पानापाशी जाऊन पाहावं लागतं. लिथियमच्या पॅकला जाड लाल-काळ्या वायरींखेरीज जो बारीक वायरींचा पांढरा कनेक्टर असतो, तो यासाठी. बॅलन्स चार्जर त्यातून एकेका सेलचं व्होल्टेज वाचतो आणि पुढे गेलेल्याला थोडं रिकामं करतो. सुरुवातीच्या काळात तो कनेक्टर सगळ्या पॅकना नसे. आज तो असूनही लोक घाई म्हणून न जोडता चार्ज करतात. तीन सेलच्या पॅकचं एकूण व्होल्टेज १२.६ दिसलं म्हणजे प्रत्येक सेल ४.२ वर आहे असं मानणं म्हणजे वर्गाची सरासरी चांगली म्हणून आपला मुलगा पास झाला असं मानणं.

निकेल-मेटल हायड्राइडवर या पुस्तकात एकच लहान प्रकरण आहे आणि ते मुद्दाम लहान आहे. १९८९च्या सुमारास बाजारात आलेल्या या सेलने कॅडमियमची जागा हायड्रोजन शोषणाऱ्या मिश्रधातूला दिली. तेवढ्याच डबीत दीड-दोन पट वीज मावू लागली. आरसी गाड्यांच्या शर्यतींत काही वर्षं त्याचंच राज्य होतं, आणि टोयोटाची प्रियस १९९७ पासून याच जातीच्या बॅटरीवर धावली. पण भरून ठेवलेला सेल महिन्याभरात बराच आपोआप उतरायचा, तापायचा लवकर, आणि चार्जिंग संपल्याची ती घसरणही पुसट. २००५ साली सान्योने एनेलूप आणला तेव्हा आपोआप उतरण्याचं दुखणं मिटलं, पण तोवर विमानवाले लिथियमकडे गेलेले होते. ट्रान्समीटरमध्ये, पेट्रोलवर चालणाऱ्या मॉडेलच्या रिसिव्हरला, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या गाडीत मी आजही हेच सेल सुचवतो. ज्याच्या हाती चार्जर द्यायचा तो माणूस विसरभोळा असेल तर बॅटरी सहनशील हवी.

विजेवर मॉडेल उडवायची धडपड लिथियमच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती वाचताना आपल्याला आज सगळं किती आयतं मिळालं याची लाज वाटते. इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी 'रेडिओ क्वीन' नावाचं मॉडेल विजेच्या मोटरवर, रेडिओच्या नियंत्रणाखाली उडवलं. त्याची पहिली अधिकृत नोंद हीच धरतात. त्यांनी चांदी आणि जस्ताचे सेल वापरले होते. हलके, ताकदीचे, पण महाग आणि थोडक्या वेळा चार्ज झाले की संपणारे. जर्मनीत फ्रेड मिलिट्की यांनी ग्राउपनर कंपनीसाठी विजेवरची मॉडेलं बेतण्यात आयुष्य घातलं. त्यांच्याच कामातून ऑस्ट्रियातल्या वेल्स इथे २१ ऑक्टोबर १९७३ रोजी हायनो ब्रिडिचका माणूस बसलेलं विजेचं विमान घेऊन उडाले, तेही निकेल-कॅडमियमच्या जोरावर. काही मिनिटंच, पण उडाले. आपण आपल्या ३४० ग्रॅमच्या पॅकला नावं ठेवतो तेव्हा हे आठवावं.

आमच्या माळावर निकेल-कॅडमियमच्या काळात राज्य होतं ग्लो इंजिनांचं. मिथेनॉल, एरंडेल आणि थोडं नायट्रोमिथेन. कान बधिर करणारा आवाज, शर्टावर तेलाचे शिंतोडे, आणि तो जळक्या एरंडेलाचा वास, जो मला आजही कुठून आला तर मान वळवायला लावतो. त्यांच्यात विजेचं विमान घेऊन जाणं म्हणजे तालमीत बॅडमिंटनची रॅकेट घेऊन जाणं. आकडेच तसे होते. एक किलोच्या साध्या ट्रेनर विमानाला नीट उडायला साधारण २०० वॅट लागतात. माझा सहा सेलचा पॅक ३० अँपिअर ओढल्यावर दबून सहा व्होल्टवर यायचा, म्हणजे १८० वॅट, आणि तेही जेमतेम साडेतीन मिनिटं. शिवाय त्या एक किलोतले ३४० ग्रॅम म्हणजे तो पॅकच. हवेत चढवायचं, एक फेरी मारायची, उतरवायचं. मग मोटारीच्या बॅटरीवरून, चावीच्या टायमरच्या चार्जरवर पंधरा मिनिटं चार्जिंग, आणि पुन्हा साडेतीन मिनिटं.

त्याच विमानात तीन सेलची लिथियम पॉलिमर घातली तर २० अँपिअरमध्येच २०० वॅटच्या वर मिळतात. पाचवा हिस्सा राखून ठेवला तरी पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं, आणि अर्ध्यावर आरामात फिरवलं तर दहा-बारा. त्यात विमान दीडशे ग्रॅमने हलकं झालेलं, म्हणून उतरताना सावकाश येतं, म्हणून नवशिक्याच्या हातून कमी फुटतं. याच सुमाराला ब्रशलेस मोटर आल्या. मग पोरं विमान पंख्यावर उभं लटकवू लागली, शाळेच्या हॉलमध्ये थर्माकोलची विमानं फिरू लागली. एरंडेलवाले हळूहळू एकेक करून आमच्या बाजूला येऊन बसले. आमच्या माळावर हे सगळं साधारण चार-पाच वर्षांत घडलं.

त्या सुरुवातीच्या सेलपैकी बरेच एका कोरियन कंपनीचे होते, नाव कोकाम. आमच्यात त्याला सरळ कोकमच म्हणत. "कोकम किती सेलचं?" असं माळावर ऐकू यायचं आणि कडेला बसलेल्या बायका चमकून पाहायच्या.

'पॉलिमर' हे नाव मात्र फसवं आहे. मूळ कल्पना अशी होती की द्रव काढून टाकायचा आणि त्याच्या जागी घन पॉलिमर घालायचा, म्हणजे गळती नाही, पेट नाही. पण तसा घन पॉलिमर नेहमीच्या तापमानाला वीज पुरेशी वाहू देत नाही. म्हणून आज आपण ज्याला लिपो म्हणतो त्यात तोच पेटणारा द्रावक असतो, फार तर जेलमध्ये धरलेला. सोनीने १९९१ साली बाजारात आणलेली, आणि जिच्या पायाभूत कामाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं नोबेल मिळालं, ती लिथियम आयन बॅटरी आणि ही, रसायनाने सख्ख्या बहिणी. फरक पोशाखाचा. हिला पोलादी डबी नाही, प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या ॲल्युमिनियमची पुडी आहे. वजन वाचलं ते इथे, आणि जबाबदारी आपल्यावर आली तीही इथेच. निकेल-कॅडमियमचा पॅक विमानासकट जमिनीत रुतला तर उकरून काढायचा, चेपलेल्या डबीवरची माती पुसायची आणि पुढच्या विमानात घालायचा. लिपो रुतली तर ती आधी मोकळ्या जागी, गवतापासून दूर ठेवायची आणि किमान अर्धा तास नुसती पाहायची. चेपलेल्या कोपऱ्यात आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. चेपलेली, फुगलेली किंवा तो गोड वास येणारी बॅटरी पुन्हा वापरायची नाही, कितीही नवी असली तरी. मी याबाबतीत कंजुषी करणाऱ्यांशी वाद घालत नाही, त्यांना फरशी दाखवतो.

आगीबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'लिथियमवर पाणी टाकलं की स्फोट होतो' हे शाळेतल्या प्रयोगावरून आलेलं अर्धं ज्ञान आहे. धड बॅटरीत लिथियम धातूचा गोळा नसतो. जळतो तो द्रावकाचा वायू, आणि आग पसरते ती एका सेलच्या उष्णतेने शेजारचा पेटतो म्हणून. प्रवासी विमानात लॅपटॉपची बॅटरी पेटली तर कर्मचाऱ्यांना ती पाणी ओतून थंड करायलाच शिकवतात. वाळू आग आवरते, पाणी उष्णता नेतं. पण दोन्हींच्या आधी चार्जिंगची जागा : पडदे, पुस्तकं, गादी यांपासून दूर, फरशीवर, आणि माणूस घरात जागा असताना.

पॅकवर छापलेल्या 'सी' या अक्षराने नवशिक्यांना जितकं फसवलं तितकं दुसऱ्या कशानेच नाही. गणित सोपं आहे. २२०० एमएएचच्या पॅकवर २५सी लिहिलं असेल तर तो २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर सतत देऊ शकतो असा दावा. दावा म्हणतो, कारण हा आकडा तपासणारं कोणी नाही आणि तो दरवर्षी वाढतो. तेवढ्याच वजनाच्या, तेवढ्याच किमतीच्या पॅकवर ६०, ८०, १०० छापलेलं मी पाहिलं आहे. आमच्या घरचा नियम असा की छापील आकड्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवायचा. खरी परीक्षा आतल्या रोधाची. आजकालचे बरेचसे चार्जर तो प्रत्येक सेलचा मिलीओहममध्ये दाखवतात. नवा पॅक आणल्या दिवशी तो आकडा पॅकवरच पेनाने लिहून ठेवा, तारखेसकट. पुढे तो दुप्पट झाला की पॅक म्हातारा झाला.

आणि आता ती सवय, जी आपल्या हवेत सर्वांत महागात पडते. रविवारी उडवायचं म्हणून शनिवारी रात्री पॅक पूर्ण भरायचा, रविवारी पाऊस किंवा पाहुणे, आणि पॅक तसाच भरलेला पुढच्या रविवारपर्यंत, कित्येकदा स्कूटरच्या डिकीत. एप्रिल-मे महिन्यात नागपूर किंवा जळगावला उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत काय तापतं ते सांगायला नको. भरलेपण आणि उष्णता, दोन्ही मिळून लिपोला आतून म्हातारी करतात. न वापरता ठेवायची तर ती ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी, ना पोटभर ना उपाशी. चार्जरवर त्यासाठी 'स्टोरेज' असं वेगळं बटण असतं, आणि माझ्या अंदाजाने निम्म्या लोकांनी ते कधी दाबलेलं नसतं. जुने सेल रिकामे ठेवायचे, शिसं-आम्लाची बॅटरी भरून ठेवायची, ही मधोमध. तीन जाती, तीन रीती, आणि घरात तिन्ही एकाच फडताळात.

हे सगळं फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांपुरतं राहिलेलं नाही. आरसीवाल्यांनी ज्या बॅटऱ्यांवर चुका केल्या त्याच जातीच्या, पण कितीतरी मोठ्या बॅटऱ्या आता शेतावर फवारणी करणाऱ्या ड्रोनमध्ये आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं ठरलं. म्हणजे उद्या गावातली एखादी ताई गोठ्याशेजारच्या खोलीत असा पॅक चार्जिंगला लावणार, बाजूला कडब्याची गंजी. तिला ड्रोन उडवायचं प्रशिक्षण मिळतं. बॅटरी कुठे ठेवायची, कधी टाकायची, हेही तितक्याच सावकाश, तिच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे. पुस्तक लिहिताना कॉलेजातली विमानं बनवणारी मुलं आणि एनसीसीच्या हवाई शाखेचे कॅडेट माझ्या डोळ्यांसमोर होतेच, पण मधल्या दोन प्रकरणांतली भाषा मी या ताईसाठी पुन्हा लिहिली.

जुन्या सेलला निरोप देताना गळा काढण्याचं कारण नाही. कॅडमियम हे विष आहे. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीकाठी खाणीतल्या कॅडमियमने लोकांची हाडं ठिसूळ झाली. त्या आजाराला तिथे 'इताई-इताई' म्हणतात, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली तिथल्या सरकारने तो प्रदूषणातून आलेला आजार म्हणून मान्य केला. तेव्हा फडताळाच्या कोपऱ्यात पडलेले निळ्या वेष्टनातले सेल घंटागाडीत टाकू नका. लिपोही टाकू नका, कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पेटते. लिपो टाकायच्या आधी माझा तो इंडिकेटरचा दिवा मात्र खरोखर कामाला येतो. मोकळ्या जागी जोडून ठेवायचा, शून्यापर्यंत उतरू द्यायचा. मग टोकांना चिकटपट्टी लावून बॅटऱ्या परत घेणाऱ्या केंद्रावर द्यायची. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण त्यांच्यापर्यंत पोचवणं आपल्यालाच करावं लागतं.

ज्यांचा भाऊ किंवा भाचा परदेशातून येताना बॅटऱ्या आणतो, त्यांच्यासाठी एक ओळ : सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकं झाकून. १०० वॅट-तासांपर्यंत विचारावं लागत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. सहा सेलची ५००० एमएएचची बॅटरी १११ वॅट-तासांची होते, आणि विमानतळावर वाद तिथेच होतात.

पुस्तक कुठूनही उघडलं तरी चालेल. चौथं प्रकरण मात्र आधी वाचा, ते चार्जरवरच्या बटणांचं आहे. आणि हे वाचताना शेजारच्या खोलीत एखादा पॅक चार्जिंगला लावला असेल, तर पुस्तक घेऊन त्या खोलीत जाऊन बसा.